धुक्याचं शुद्धलेखन

तार्तू, मे महिन्याचा शेवटचा आठवडा.
रात्र इथे घाईतल्या पाहुण्यासारखी येते,
चपला न काढता दारातूनच परत जाते.
ग्रंथालयाच्या तळघरात पाच दिवस,
अकरा टेबलं, वायरींचा गुंता,
कडा वाळलेला काळा पाव,
आणि प्रत्येक टेबलाशी
एकमेकांचं शास्त्र न कळणारी शहाणी माणसं.

आमच्या वाट्याला दीपगृहाच्या नोंदवह्या आल्या.
एक बेट, एक दिवा, एक राखणदार, मिह्केल लासिक,
सन बावीस ते एकोणचाळीस.
रोज चार ओळी: वारा, बर्फ, तेल, धुकं.
पानं सहा हजारांवर.

तार्मोचा प्रोग्राम ती वाचत होता
भुकेला माणूस जेवतो तशी, चव न घेता.
लीविकाला सनावळी हवी होती.
ओस्ताप आकडे मांडायचा, फोन उपडा ठेवून.
खार्किव्हहून तो वाजला, की सगळ्यांचंच टायपिंग थांबायचं.
हेल्दुर व्याकरणाचा माणूस, निवृत्त,
त्याला कोणी बोलावलं कोण जाणे,
येताना स्वतःची पेन्सिल घेऊन आला.
माझं काम हलकं: फायलींना नावं देणं.

तिसऱ्या दिवशी पडद्यावर ठिपक्यांचे दोन पुंजके.
पस्तीसच्या मार्चपर्यंत निळा. पुढे लाल.
"हात बदललाय," तार्मो म्हणाला,
"माणूस दुसरा. अठ्ठ्याण्णव टक्के."
लीविकाचे डोळे चमकले. बायको असेल,
नाहीतर मुलगी, कुठल्याच यादीत नसलेली.
संध्याकाळपर्यंत नाव सोडून
आम्ही तिला सगळं दिलं होतं:
लोकरीची शाल, अंथरुणाला खिळलेला नवरा,
एकशे बारा पायऱ्या.
पहिली स्लाइडही तयार झाली.
खरं सांगते, मला ती आवडायला लागली होती.

हेल्दुर मात्र विचारत राहिला, "कच्चं कुठंय?"
कच्चं म्हणजे?
"धुण्याआधीचं."

पहिल्याच दिवशी तार्मोनं सगळं धुऊन काढलं होतं,
चुका दुरुस्त, शब्द एका मापाचे.
पद्धतच आहे ती, त्याचा दोष नाही.
मी एक फोल्डर ठेवला होता, नाव 'टाकू नका'.
आळस म्हणा, नाहीतर आईचा वारसा.
जॅमच्या बरण्या फुटल्या
तरी ती झाकणं जपून ठेवायची.

इथे धुक्याला म्हणतात उदु.
मिह्केल लिहायचा उद्दु.
आजोबांच्या प्रार्थनेच्या पुस्तकातलं,
शाळेनं कधीच मोडीत काढलेलं जोडाक्षर.
निळ्यात उद्दु.
लालमध्येही उद्दु.
चारशे सोळा वेळा, एकदाही न चुकता चुकलेलं.

हेल्दुरनं पेन्सिल डाव्या हातात घेतली
आणि सावकाश तोच शब्द लिहिला.
अक्षरं मागे कलली, लाल पानांवर कलतात तशीच.

कोणी काही बोललं नाही.
मग लीविकानं मधली अकरा पानं उघडली,
कोरी, म्हणून आम्ही मोजणीतून वगळलेली.
त्या अकरा दिवसांत त्याचा उजवा हात गेला असणार.
वळण गेलं. चूक राहिली.

"माणूस तोच," हेल्दुर म्हणाला.
"शुद्धलेखनात नापास होता, म्हणून सापडला."

बक्षीस चौथ्या टेबलाला गेलं,
त्यांचा नकाशा हलायचा.
आम्हाला टाळ्या मिळाल्या, बऱ्यापैकी.

पण आदल्या रात्री दोनला, खिडकीबाहेर उजाडू लागलेलं,
मी ती पहिली स्लाइड पुसत होते.
शाल पुसली. पायऱ्यांवर आले आणि थांबले.
बंदराच्या वहीत मी स्वतःच पाहिलं होतं:
त्या अकरा रात्री एकही बोट खडकावर गेली नाही.
म्हणजे दिवा लागत होता.
कोणीतरी वर चढत होतं, तेल घालत होतं,
आणि वहीत एक अक्षरही लिहीत नव्हतं,
चुकीचंसुद्धा नाही.

तार्मोला सांगितलं. त्यानं त्या रकान्यांत
शून्य भरलं होतं, ते काढलं.
म्हणाला, वेगळी फाइल करू.
नाव काय देऊ?

नाव देणं माझं काम.
अजून दिलेलं नाही.